फोनची थरथर आणि बोटांचे इशारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅप्टिक आणि जेश्चर, या दोन विषयांवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न रोजच्या वापरातले आहेत, पुढचे ॲप बनवणाऱ्यांचे, आणि शेवटी अडनिडे. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॅप्टिक म्हणजे शेवटी व्हायब्रेशनच ना? मग वेगळं नाव कशाला?

मोटर तीच, काम वेगळं. खिशातला फोन थरथरतो तेव्हा तो तुम्हाला हाक मारत असतो. तुम्ही स्क्रीनवर काही केलंत आणि बोटाखाली बारीकसा ठोका लागला, तर तो उत्तर देत असतो: दाबलं गेलं, पकडलं, इथे संपलं, चुकलं. या उत्तराला हॅप्टिक फीडबॅक म्हणतात.

त्याची गरज काचेमुळे पडली. बटणांच्या फोनवर ५ च्या बटणावर एक उंचवटा असायचा. तो चाचपून लोक फोनकडे न बघता, खिशात हात घालून नंबर लावायचे. काचेवर चाचपायला काहीच नाही. बोटाला जे कळायचं ते सगळं डोळ्यांवर येऊन पडलं, आणि त्यातलं थोडंफार बोटाला परत देण्याची खटपट म्हणजे हॅप्टिक.

२. माझा फोन घर्रर्र करतो, मित्राचा नुसता टिक करतो. कुठलं सेटिंग बदलू?

बहुतेक वेळा कुठलंच नाही. फरक मोटरमध्ये असतो, आणि मोटर सेटिंगमधून बदलत नाही.

फोनमध्ये मुख्यतः दोन जातींच्या मोटरी असतात. जुनी आणि स्वस्त जात म्हणजे इआरएम. छोट्या मोटरच्या दांड्यावर एका बाजूला कललेलं वजन बसवलेलं असतं, ते गरागरा फिरलं की फोन हलतो. अडचण अशी, की पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं हे वजन वेग धरायला वेळ घेतं आणि वीज बंद केली तरी फिरत राहतं. वेग धरायलाच साधारण ५० ते १०० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात तुमचं बोट पुढच्या अक्षरावर गेलेलं असतं. शिवाय यात जोर वाढवायचा तर वेग वाढवावा लागतो, म्हणजे हलका आणि भारी ठोका वेगवेगळा करणंही कठीण.

दुसरी जात एलआरए, म्हणजे लिनियर मोटर. यात फिरण्याचा भाग नाही. स्प्रिंगवर बसवलेलं वजन चुंबकाच्या जोरावर एकाच रेषेत मागेपुढे होतं. ते लवकर हलतं, आणि मोटर चालवणारी चिप (ड्रायव्हर) चांगली असेल तर उलटी वीज देऊन त्याला जागच्या जागी थांबवता येतं. 'टिक' ऐकू येण्याऐवजी जाणवतो तो या थांबण्यामुळे. फोन किती जोरात हलतो याला फार महत्त्व नाही, किती चटकन थांबतो याला आहे.

या मोटरी बहुधा १५० ते २३५ हर्ट्झच्या आसपास चालवतात. आपल्या त्वचेत खोलवर पॅसिनियन नावाचे संवेदक असतात, त्यांना २५० हर्ट्झच्या आसपासचं कंपन सगळ्यात चांगलं कळतं. म्हणून वजन अगदी किंचित हललं तरी बोटाला पुरतं.

दुकानात फोन हातात आला की एवढंच करा: कीबोर्ड उघडा, कीबोर्डचं व्हायब्रेशन चालू करा आणि दोन्ही अंगठ्यांनी भरभर काहीही टाइप करा. ठोके सुटे लागले तर मोटर चांगली. सगळे मिसळून एकच गुणगुण झाली तर ती मोटर पुढे कधी सुधारणार नाही. फोन टेबलावर ठेवून तपासू नका, टेबलच वाजतं. स्पेसिफिकेशनमध्ये 'एक्स-ॲक्सिस लिनियर मोटर' लिहिलेलं असेल तर शुभशकुन, पण नुसत्या नावावर जाऊ नका. चांगली मोटर आणि आळशी सॉफ्टवेअर अशी जोडीही बाजारात भरपूर आहे.

३. जुना आयफोन ७ घेतला. बंद असताना त्याचं होम बटण दाबलंच जात नाही. फसवलं का मला?

नाही, ते कधीच दाबलं जात नव्हतं. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये होम बटण ही एक पक्की बसवलेली चकती आहे. बोटाचा दाब ओळखला की आतलं टॅप्टिक इंजिन, म्हणजे ॲपलची लिनियर मोटर, एक ठोका देते आणि मेंदू समजतो की बटण खाली गेलं. ठोका खरं तर आडवा असतो. पण इतक्या थोड्या वेळाच्या कंपनाची दिशा त्वचेला नीट ओळखता येत नाही, आणि दाबत तर आपण खालीच असतो, म्हणून ते खाली गेल्यासारखंच वाटतं. मॅकबुकचे २०१५ पासूनचे बहुतेक ट्रॅकपॅडही याच युक्तीवर चालतात.

फोन बंद, तर मोटर बंद, तर बटण म्हणजे नुसता दगड. याचमुळे आयफोन ७ अडकला तर होम बटणाने रीस्टार्ट होत नाही. व्हॉल्यूम कमी करायचं बटण आणि पॉवर बटण एकत्र धरावं लागतं. सेकंड हँड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

४. हॅप्टिकने बॅटरी संपते का?

थोडी जाते. कीबोर्डच्या हॅप्टिकचा बॅटरीवर परिणाम होऊ शकतो असं ॲपलही सांगते. पण स्क्रीन आणि नेटवर्क जे खातात त्यापुढे ते किरकोळ आहे. उलटा प्रश्न जास्त येतो: 'टिक टिक अचानक बंद झाली.' तेव्हा आधी बॅटरी सेव्हर बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो चालू झाला की स्पर्शाचं व्हायब्रेशन आपोआप बंद होतं.

५. मराठी टाइप करताना कीबोर्डचं व्हायब्रेशन ठेवावं की नको?

मोटर चांगली असेल तर जरूर ठेवा, आणि इंग्रजीपेक्षा मराठीला त्याचा फायदा जास्त. देवनागरी कीबोर्डवर सगळी अक्षरं मावत नाहीत, त्यामुळे बरीचशी बोट दाबून धरल्यावर मिळतात. किती वेळ धरायचं हे डोळ्यांनी ठरवायला गेलं की लय तुटते. धरण्याची वेळ पूर्ण झाली की बोटाला ठोका मिळतो आणि न बघता पुढे सरकता येतं.

गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये हे सेटिंग्ज, प्रेफरन्सेसमध्ये आहे, आणि तिथे जोरही कमीजास्त करता येतो. तो अगदी कमी ठेवून बघा. कारखान्यातून येतो तो जोर बहुधा जास्तच असतो. आयफोनवर ही सोय २०२२ च्या आयओएस १६ पासून आहे, साउंड्स अँड हॅप्टिक्समध्ये. मोटर घर्रर्रवाली असेल (प्रश्न २) तर सरळ बंद करा. उशिरा आलेलं उत्तर न आलेल्या उत्तरापेक्षा जास्त त्रास देतं.

६. खालची तीन बटणं बरी की जेश्चर? जेश्चर ही फक्त फॅशन आहे का?

फॅशन असती तर इतकी टिकली नसती. पाम कंपनीच्या वेबओएस फोनमध्ये २००९ साली स्क्रीनखाली जेश्चरची पट्टी होती. २०११ मधल्या नोकिया एन९ ला समोर एकही बटण नव्हतं, कडेवरून बोट ओढलं की ॲप बाजूला. दोन्ही फोन बाजारातून गेले, कल्पना राहिली. २०१७ ला आयफोन १० ने होम बटण काढलं, आणि अँड्रॉइडने २०१८ ला अर्धवट व २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये पूर्ण जेश्चर आणले.

फायदा खरा आहे. स्क्रीन मोठ्या झाल्या, फोन एका हातात धरला की अंगठा वरच्या कोपऱ्यात पोचत नाही. अँड्रॉइडवर डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेवरून आत ओढलं की मागे जाता येतं. लोकलमध्ये एका हाताने वरचा हँडल धरून उभं असताना यातला फरक कळतो.

तोटाही तेवढाच खरा: जेश्चर दिसत नाही. बटण स्क्रीनवर बसून 'मी आहे' म्हणतं. जेश्चर कुणीतरी दाखवावं लागतं. म्हणून माझं मत असं, की ज्याला सवय झाली त्याला जेश्चर, ज्याला रोज आठवावं लागतं त्याला बटणं. कमीपणा कशातच नाही.

७. आईबाबांच्या फोनवर काय लावून देऊ? ते रोज 'फोन बिघडला' म्हणून फोन करतात.

अँड्रॉइड असेल तर तीन बटणं. सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी 'नेव्हिगेशन' टाका, प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं आहे. आयफोन असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये असिस्टिव्हटच चालू करा. स्क्रीनवर तरंगणारं एक गोल बटण येतं, त्यात होम वगैरे सगळं असतं.

पण खरा घोटाळा बहुतेक वेळा वेगळाच असतो. वयस्कर माणूस बटणावर बोट टेकवतो आणि खात्री होईपर्यंत उचलत नाही. त्याच्या मते तो टॅप, फोनच्या मते ती दाबून धरलेली खूण. मग आयकॉन हलू लागतात, एखादा सरकतो, एखादा उडतो, आणि दुपारी फोन येतो: 'अगं, ते हिरवं व्हॉट्सॲप गेलं कुठे?' यावर दोन उपाय. ॲक्सेसिबिलिटीमध्ये दाबून धरण्याचा वेळ वाढवा. अँड्रॉइडवर तो टच अँड होल्ड डिले या नावाने सापडेल, आयफोनवर हॅप्टिक टच या नावाने. दुसरा उपाय, होम स्क्रीनचा लेआउट लॉक करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ती सोय असते.

स्पर्शाचं व्हायब्रेशन मात्र त्यांच्या फोनवर चालूच ठेवा. ठोका लागला की ते बोट उचलतात, हा निम्मा उपाय आपोआप होतो.

८. ॲपचा मेनू उघडायला डावीकडून ओढलं की ॲपच मागे जातं. काय करू?

एकाच कडेवर दोन मालक आहेत. बाजूने सरकणारा मेनू अँड्रॉइडमध्ये आधी आला, मागे जाण्याचं जेश्चर नंतर, आणि सिस्टिमचा हक्क वरचढ ठरला. मेनूची तीन आडव्या रेघांची खूण दाबा, तोच खात्रीचा मार्ग. सेटिंगमध्ये मागे जाण्याची सेन्सिटिव्हिटी कमी करता येते, काही फोनवर डाव्या आणि उजव्या कडेची वेगवेगळी. वळलेल्या कडांची स्क्रीन किंवा जाड कव्हर असेल तर तेही तपासून बघा.

ॲप बनवणाऱ्यांसाठी: कडेचा काही भाग सिस्टिमच्या जेश्चरमधून वगळायची सोय आहे, पण प्रत्येक कडेला उभ्यात फक्त २०० डीपी (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक). अख्खी कड मागाल तर मिळणार नाही. ही सोय फोटो कापायच्या हँडलसाठी किंवा व्हिडिओच्या पट्टीसाठी आहे, मेनूसाठी नाही.

९. पावसात फोन आपोआप चालतो, आणि शेतावरून आल्यावर बोट लावलं तरी चालत नाही. हे कसं?

दोन्हींचं मूळ एकच. हल्लीच्या स्क्रीन दाब ओळखत नाहीत, विजेचा भार ओळखतात. बोट वीजवाहक आहे, ते जवळ आलं की काचेखालच्या जाळीतल्या क्षेत्रात बदल होतो, तिथे स्पर्श झाला असं फोन मानतो. पावसाचा थेंब तोच बदल करतो. म्हणून ओल्या स्क्रीनवर ओढायची जेश्चर आधी बिघडतात, साधे टॅप त्यामानाने टिकतात. स्क्रीन आणि बोट दोन्ही पुसा, नुसती स्क्रीन नको.

कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाचं उलटं होतं. वरचा कातडीचा थर जाड आणि सुका असला की भार कमी पोचतो. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा सपाट भाग टेकवा, किंवा बोट जरासं ओलसर करा. सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' किंवा 'ग्लव्ह मोड' असेल तर चालू करा, जाड स्क्रीनगार्डवरही त्याचा उपयोग होतो.

आणि पाऊस नसताना, फक्त चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन वेडी होत असेल, तर चार्जर बदला. हलक्या चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट स्क्रीनला स्पर्शासारखाच दिसतो. दुरुस्तीवाल्याकडे डिस्प्ले बदलायला देण्याआधी दुसरा चार्जर लावून बघणं फुकट आहे.

१०. फोन अचानक बोलायला लागला, बोट लावलं की नुसतं वाचून दाखवतो, काही उघडत नाही!

घाबरू नका. टॉकबॅक, म्हणजे दृष्टिहीनांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, चालू झालं आहे. व्हॉल्यूमची दोन्ही बटणं एकत्र काही सेकंद धरून ठेवा, बहुतेक फोनवर ते बंद होईल. नाही झालं तर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा, पण टॉकबॅकच्या नियमाने: एकदा टॅप म्हणजे 'हे काय आहे', दोनदा टॅप म्हणजे 'उघड', आणि यादी सरकवायला दोन बोटं.

११. हेच टॉकबॅक दृष्टिहीन लोक दिवसभर कसं वापरतात?

झपाट्याने. उजवीकडे स्वाइप म्हणजे पुढची गोष्ट, डावीकडे म्हणजे मागची, दोनदा टॅप म्हणजे निवड. स्क्रीनवर कुठेही केलं तरी चालतं, म्हणजे बटण नेमकं कुठे आहे हे शोधावंच लागत नाही. वाचण्याचा वेग इतका वाढवलेला असतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. आयफोनवर हेच व्हॉइसओव्हर नावाने २००९ च्या थ्रीजीएसपासून आहे. त्याआधी पूर्ण काचेचा फोन दृष्टिहीनांना वापरता येईल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

इथे हॅप्टिक ही चैन नाही. बोट एका गोष्टीवरून दुसरीवर गेलं की ठोका लागतो, आवाज यायच्या आधी. टॉकबॅक चालू असताना सिस्टिमची जेश्चर दोन बोटांनी करायची असतात, कारण एका बोटाची सगळी टॉकबॅककडे जातात. ॲप तपासणाऱ्यांना हे माहीत नसतं आणि ते 'मागे जाता येत नाही' अशी तक्रार लिहून मोकळे होतात.

१२. थ्रीडी टच कुठे गेलं? मला ते आवडायचं.

२०१५ ला आयफोन ६एस सोबत आलं, स्क्रीनखाली दाब मोजणारा थर घेऊन. २०१८ च्या आयफोन एक्सआरमध्ये तो थर नव्हता, आणि २०१९ च्या आयफोन ११ मालिकेतून तो पूर्ण गेला. जागी आलं हॅप्टिक टच: जोरात दाबायचं नाही, थोडं धरायचं, आणि ठोका घ्यायचा. कारण प्रश्न ६ मधलंच. कुठे दाबता येतं आणि कुठे नाही हे बघून कळायचं नाही, म्हणून बहुतेकांनी ते कधी दाबूनच पाहिलं नाही.

१३. हवेत हात फिरवून फोन चालवता येतो म्हणे. तो प्रकार इथे का दिसत नाही?

सॅमसंगने २०१३ च्या गॅलेक्सी एस४ मध्ये एअर जेश्चर दिलं होतं. सर्वात महत्त्वाकांक्षी प्रयत्न गूगलच्या २०१९ मधल्या पिक्सेल ४ चा. त्यात सोली नावाचं छोटं रडार होतं, ६० गिगाहर्ट्झवर चालणारं. ती लहर वापरायची भारतात परवानगी नव्हती, आणि पिक्सेल ४ भारतात विकायला आलाच नाही. पुढच्या वर्षीच्या पिक्सेल ५ मधून सोली गेलं. फार काही हुकलं असं मला वाटत नाही. हवेत ठोका मिळत नाही, त्यामुळे हात किती हलवायचा आणि कधी थांबवायचा याचा अंदाज शेवटपर्यंत येत नाही.

पाठीवर टकटक करायची सोय मात्र उपयोगी आहे. आयओएस १४ पासून आयफोन ८ आणि पुढच्यांवर ती बॅक टॅप नावाने मिळते. मोटोरोलाचं दोनदा झटकून टॉर्च लावणंही तसंच. वीज गेल्यावर हातात फोन असला की दुसरं काही शोधावं लागत नाही.

१४. आम्ही ॲप बनवतोय. हॅप्टिक कुठे द्यावं?

तुम्हाला वाटतं त्याच्या एक चतुर्थांश ठिकाणी. प्रत्येक टॅपवर ठोका दिला तर त्याचा अर्थ उरत नाही आणि लोक सगळंच बंद करतात. ठोका तिथे द्या जिथे काहीतरी ठरतं: पैसे गेले, ओढलेली वस्तू जागेवर बसली, तारखेचं चाक एक घर सरकलं, पिन चुकला.

यश आणि चूक यांचा ठोका डोळे मिटून वेगळा ओळखता आला पाहिजे. आयओएसमध्ये २०१६ पासून यासाठी तयार वर्ग आहेत: आघात, निवड, आणि सूचना, आणि सूचनेत यश, इशारा, चूक असे तीन प्रकार. मोटरला आधी जागं करायला 'प्रिपेअर' आहे, ते वापरा, नाहीतर पहिला ठोका उशिरा येतो. अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड ११ पासून होकाराचे आणि नकाराचे तयार ठोके आहेत. स्वतः मिलिसेकंद मोजून कंपन लिहू नका. तुमच्या महागड्या फोनवर २० मिलिसेकंदांचा ठोका छान लागतो, इआरएमच्या फोनवर तेवढ्यात वजन हलतही नाही. तयार ठोका मागितला की तो आपल्या मोटरला कसा वाजवायचा हे फोन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

तपासणी सगळ्यात स्वस्त फोनवर करा. तुमचे वापरणारे तिथेच आहेत.

१५. वेबसाइटवरून हॅप्टिक देता येतं का?

अँड्रॉइडवर क्रोममध्ये व्हायब्रेशन एपीआय, म्हणजे वेबपानाला फोन थरथरवू देणारी सोय, चालतो, पण वापरणाऱ्याने आधी पानाला स्पर्श केलेला हवा. आयफोनच्या सफारीत हा एपीआय नाही. म्हणून महत्त्वाची सूचना नुसत्या थरथरीवर कधीच सोडू नका.

१६. 'स्लाइड करून पक्कं करा' हे बटण टॅपपेक्षा सुरक्षित असतं ना?

चुकून दाबलं जाऊ नये हा हेतू बरोबर आहे. पण रिक्षाच्या हँडलवर लावलेला फोन डोळ्यांसमोर आणा. जुलै महिना, स्क्रीनवर थेंब, गाडी खड्ड्यातून चाललेली, आणि चालकाला राइड सुरू करायला पट्टी डावीकडून उजवीकडे पूर्ण ओढायची आहे. तीन चतुर्थांश गेली की बोट निसटतं आणि पट्टी पुन्हा शून्यावर. मागे हॉर्न वाजतायत. हात थरथरणाऱ्या माणसाचं घरी कोरड्यात बसूनही हेच होतं.

वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, यावर स्पष्ट आहेत. २०१८ च्या २.१ आवृत्तीने सांगितलं की अनेक बोटांचं किंवा ठरावीक वाटेने ओढायचं जेश्चर असेल तर एका बोटाचा साधा पर्याय हवा. २०२३ च्या २.२ ने ओढून करायच्या प्रत्येक कामालाही तसाच पर्याय मागितला. स्लाइड ठेवा, पण शेजारी 'दोनदा टॅप' ठेवा.

हाच विचार चेहऱ्याच्या इशाऱ्यांनाही लागू होतो. बँकेच्या ई-केवायसीत 'डोळे मिचकावा' असं येतं. ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्यांना ते जमत नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ई-केवायसी दिव्यांगांना सुलभ करण्याचे निर्देश दिले, त्यात डोळे मिचकावण्याला पर्याय देणंही आलं. 'आमचे असे ग्राहक नाहीत' म्हणणाऱ्या टीमला हा निकाल वाचायला द्या.

१७. सगळी व्हायब्रेशन बंद केली तरी एखादं ॲप थरथरतंच. आणि तो मोठा सरकारी अलर्ट?

अँड्रॉइडवर स्पर्शाचा ठोका, रिंग, नोटिफिकेशन आणि अलार्म यांची सेटिंग वेगवेगळी असतात. स्पर्शाचं बंद केलं म्हणजे बाकीचं बंद होत नाही. त्यात काही जुनी ॲप तयार ठोका न मागता थेट मोटर चालवतात, ती स्पर्शाच्या सेटिंगला विचारत नाहीत. त्या ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

आणीबाणीचा इशारा तर मुद्दामच सगळ्यांच्या वरचा ठेवलेला आहे. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने चाचणी घेतली तेव्हा देशात ठिकठिकाणी फोन एकदम कर्कश वाजले आणि थरथरले, ते सेल ब्रॉडकास्टमुळे, म्हणजे टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश पाठवण्याच्या पद्धतीमुळे. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी, टचमध्ये व्हायब्रेशनचं एक मुख्य बटण आहे. ते बंद केलं तर भूकंप, पूर अशा इशाऱ्यांची थरथरही जाते. कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या फोनवर त्या बटणाला हात लावू नका.